उठवायचा राहिलेला गडी

१

मच्छिंद्रच्या जीपमध्ये नऊ माणसं बसतात, असं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. सरकारला माणसं बसवायची अक्कल नाही. मच्छिंद्र चौदा आत कोंबायचा, चार मागं लटकवायचा, वर टपावर बोचकी आणि कोंबड्यांची पाटी, आणि मग घनसावंगीहून वडीगोद्रीकडं निघायचा. फाटा ओलांडला की मागून कुणीतरी हटकून विचारायचंच, "मच्छिंदर, टायरात हवा हाये ना बराबर? का मधीच सोडशील?"

सगळी जीप हसायची. मच्छिंद्रही हसायचा आणि हसता हसता असा ब्रेक दाबायचा की लटकलेले चौघं एकमेकांच्या गळ्यात. तेवढाच त्याचा सूड.

गावात त्याला फुटका भाता म्हणत. आणि हाच मच्छिंद्र एके काळी असा दमाचा गडी होता, की कचरूआबा पंच सांगायचे, पोरगं एका दमात ओढा ओलांडून पल्याडच्या हॉटेलात जायचं, चहाला आधण चढेपर्यंत कबड्डी कबड्डी करत उभं राहायचं आणि दम न मोडता परत यायचं. मग चहा कसा प्यायचा, असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "प्यायचा न्हाई. वास घेऊन यायचा."

ओढ्याच्या अल्याड मच्छिंद्रची बोरखडी, पल्याड माळखेडी. मधे घोटाभर पाणी. तिकडच्या काठावर नंदा धुणं धुवायची आणि इकडं मच्छिंद्र दमाचा सराव करायचा. त्याच्या कबड्डी कबड्डीवर तिचं धोपाटणं पडायचं. ती थांबली की त्याचा दम सुटायचा. बोलणं असं त्यांच्यात फार झालंच नाही.

आता एक रीत सांगितली पाहिजे. खेळात बाद झालेल्याला आमच्याकडं बाद म्हणत नाहीत, मेला म्हणतात. मेलेल्यांनी रेघेबाहेर ओळीनं मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचं. पल्याडचा एक मारला की अल्याडचा एक उठतो, ओळीत पहिला असेल तो. आणि डाव संपला तरी कुणी बसलेलं राहिलं, तर म्होरक्यानं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "ऊठ, जिता." मगच त्यानं अंगावरची माती झटकून घरी जायचं. हे का, ते विचारू नये. पालथी पडलेली चप्पल सुलटी का करतात, ते तरी कुणाला ठाऊक आहे?

चौऱ्याऐंशीच्या जत्रेत माळखेडीशी गाठ पडली तेव्हा मच्छिंद्र म्होरक्या होता. वसंता त्याचा जोडीदार. कोपऱ्यावर दोघं हातात हात घालून उभे राहायचे, आणि चढाईला आलेल्याला धरायचं झालं की वसंता त्याच्या तळव्यावर दोनदा अंगठा दाबायचा. त्या दिवशी वसंता मेलेल्यांत बसला होता. शेवटची चढाई मच्छिंद्रची. एक गडी मारला की वसंता उठणार आणि सामना आपला. मच्छिंद्र पल्याडच्या अंगणात मधोमध गेला आणि कुणी बोटही लावलेलं नसताना उभ्या जागी त्याचा दम सुटला.

दोन महिन्यांनी नंदाशी त्याचं लग्न झालं. माळखेडीचा म्होरक्या भुजंग हा नंदाचा थोरला भाऊ. लोकांना हिशेब जमायला वेळ लागला नाही.

सामना संपल्यावर शिव्या खात मच्छिंद्र मैदानातून खाली मुंडी घालून निघून गेला होता. मेलेल्यांच्या जागेकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. वसंता बराच वेळ तसाच बसून राहिला. लोक म्हणाले, ऊठ की आता. वसंता म्हणाला, "उठवणाऱ्याला येऊ द्या." शेवटी दिवस कलला तेव्हा आपला आपणच उठून घरी गेला. त्याच आठवड्यात उसाच्या ट्रॉलीखाली सापडला.

२

पंधरा वर्षांनी, पौष सरत असताना, कचरूआबा जीपमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसले. चैत्राच्या जत्रेत पोरांच्या सामन्याआधी जुन्या खेळाडूंचा एक डाव ठेवायचा ठरला होता. बोरखडी विरुद्ध माळखेडी. ढेऱ्या सुटलेले गडी पळताना बघायला पब्लिक येईल, हा मूळ विचार. पण आबा उतरताना म्हणाले, "एक चढाई धड कर. मरायच्या आधी मला बघायचीये."

मच्छिंद्रला झोप लागली नाही. गावात पुन्हा मान वर करून चालायचं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्याहून जास्त अशी, की नंदानं तसं चालताना त्याला पाहावं. त्या लग्नाबद्दल तिला गावात टोमणे ऐकावे लागत. तिनं कधी तोंडातून काढलं नाही.

पहाट फुटली की तो जत्रेच्या त्याच, भैरोबामागच्या मैदानावर जायचा. पायानं रेघ ओढायची, श्वास भरायचा, आणि कबड्डी कबड्डी करत पल्याडच्या अर्ध्यात शिरायचं. पहिले काही दिवस नुसता खोकला. मग हळूहळू छाती मोकळी झाली. जुना दम घरी परत आल्यासारखा वाटायला लागला.

एके सकाळी दम संपला म्हणून तो थांबला. तोंड मिटलं. आणि मिटल्यावर आणखी एकदा ऐकू आलं, "कबड्डी."

हळूच, पण स्वच्छ.

शाळेची नवी भिंत समोर होती. भिंत आवाज परत देते, हे तर पोरालाही कळतं. मच्छिंद्र हसला, आणि खात्री करावी म्हणून भिंतीकडं तोंड करून ओरडला, "ए नंदे."

भिंतीनं काही परत दिलं नाही.

मग त्यानं विचार केला, वारा असेल. वारा नव्हता. मग त्यानं विचार केला की उशीर होतोय, पहिली खेप चुकेल. हा विचार बरा होता. तो धरून तो निघाला.

३

माघात मैदानावर दव पडायचं. सगळी माती ओली, काळी. फक्त बाजूच्या रेघेबाहेर, जिथं मेलेले बसतात तिथं, परातीएवढी जागा कोरडी असायची. कुत्रं झोपत असेल, मच्छिंद्रनं ठरवलं. गावात कुत्री कमी नाहीत, आणि कुत्र्यांना कुठं झोपावं हे कुणी सांगू शकत नाही. पण कुत्रं लोळतं, केस पडतात, पंजे उमटतात. इथं माती नुसती दबलेली होती, नीट, कुणी मांडी घालून बसल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात ती कोरडी जागा थोडी पुढं सरकली. ओळीत पहिला नंबर जिथं बसतो, तिथं.

घरीही एक गोष्ट बदलली होती, पण ती त्याच्या लवकर ध्यानात आली नाही. नंदाला चूल पेटवताना फुंकणी पुरेना झाली. फुंकर घालायची आणि भिंतीला टेकून बसायची. बोलताना वाक्य मधेच तुटायचं, उरलेलं ती हातानं सांगायची. घनसावंगीच्या डॉक्टरनं डोळे खाली ओढून पाहिले, रक्त कमी आहे म्हणाला, लाल औषधाची बाटली दिली. मच्छिंद्रनं दोन बाटल्या घेतल्या. डॉक्टरवर त्याचा विश्वास होता; निदान कशावर तरी असायला हवा.

एका संध्याकाळी जीप लावून तो घराकडं आला, तर नंदा उंबऱ्याबाहेर बसलेली. घरात वारा येत नाही म्हणून बायका ओट्यावर बसतात, त्यात नवल काय. पण त्या पाय पसरून बसतात, काहीतरी निवडत बसतात. नंदा मांडी घालून बसली होती. पाठ ताठ. हात दोन्ही गुडघ्यांवर.

"अशी का बसलीस?"

"बसले उगं," नंदा म्हणाली.

त्या पहाटे त्याचा दम पूर्वीइतका लांब चालला होता. ही खुशखबर तिला सांगायची म्हणून तो रस्ताभर मनात घोळवत आला होता. ती त्यानं सांगितली नाही.

४

चतुराबाई ही वसंताची आई. पंधरा वर्षं ती वडीगोद्रीच्या बाजारला पायी जायची, पण मच्छिंद्रच्या जीपला हात करायची नाही. फाल्गुनात एका दुपारी तिनं फाट्यावर हात केला. परतीची खेप होती, जीप रिकामी. ती पुढं बसली. मच्छिंद्रनं दोनदा विचारलं, काकू, ऊन लागतंय का. तिनं दोनदा मान हलवली.

ओढ्याच्या उतारावर ती बोलली. वसंता घरी येतो, म्हणाली. पहिल्यापासून येतो. दिवस कलला की दाराबाहेर येऊन बसतो. आत ये म्हटलं तर येत नाही, ताट दिलं तर शिवत नाही. हे सगळं तिनं, म्हैस आटली असं सांगावं तितक्या सहज सांगितलं.

"म्हनतो, आई, मी मेलेलो हाये, मला आत येता येत न्हाई. डाव संपला का म्हनून इचारतो. मी काय सांगू त्याला?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिव्या देयाला न्हाई आले मी. तुझ्या हातानं बसलाय तो, मच्छिंदर. तुझ्याच हातानं उठंल. येवढं कर बाबा."

मच्छिंद्र तिला घरी सोडून तसाच मैदानावर गेला. भर दुपार, चिटपाखरू नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तो वाटभर स्वतःला सांगत होता, आणि पाय मात्र मेलेल्यांच्या जागेकडं चालले होते. त्या दबलेल्या मातीमागं तो उभा राहिला. लाज वाटली. इकडंतिकडं पाहिलं, आणि एका माणसाच्या पाठीच्या उंचीवर हवेत थाप मारली.

"ऊठ वसंता. जिता."

काहीच झालं नाही. हात हवेतून गेला. पण हाताला ऊन लागलं नाही. सगळ्या मैदानावर चटका देणारं ऊन होतं आणि तेवढ्या जागी विहिरीच्या आतल्यासारखा गारवा.

थाप मारून उठवण्याचा वेळ निघून गेला होता. वसंताचा डाव संपलाच नव्हता, आणि चालू डावातला मेलेला थापेनं उठत नाही. त्याला उठवायची एकच रीत आहे, ती बोरखडीतल्या कुणालाही सांगावी लागत नाही.

५

जत्रेच्या आदल्या दिवशी, सकाळी, त्यानं नंदाला सांगितलं की तो खेळणार नाही. दम नाही राहिला, म्हणाला. नंदा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. ती हसली, हसायलाही तिला थांबत थांबत हसावं लागलं.

"रोज पहाटे ऐकून राह्यले मी. मैदान लांब न्हाई. दम तर चांगला चाललाय."

मच्छिंद्र तिच्या शेजारी ओट्यावर टेकला.

"त्या दिवशीबी ऐकला होता. मी पल्याडच्या बायांत उभी होते. तुमचा दम तुटला न्हाई, तुम्ही सोडला. पंधरा वर्षं झाली, मला काय तेवढं कळत न्हाई?"

मग त्यानं सगळं सांगितलं. भुजंगनं सामन्याआधी ओढ्यावर गाठून म्हटलं होतं, एवढा सामना जाऊ दे, बहीण तुला देतो. नाहीतर पैठणच्या स्थळाला होकार कळवलाच आहे. एका श्वासाची तर गोष्ट. नंदानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग दिसला नाही.

"एका श्वासात मी आले, एका श्वासात वसंताभाऊ गेले," ती म्हणाली. "चतुराकाकू मलाबी भेटली व्हती. उद्या खेळा तुम्ही."

"आणि तुला काही झालं तर?"

"मी काय मैदानात उतरणार हाये?"

"नंदे, पल्याडचा एक गेल्याबिगर अल्याडचा एक..."

"सात गडी हायेत की पल्याडचे. भुजंगदादाचंच पोट केवढं सुटलंय, त्याला लावा हात." ती थांबली, श्वास गोळा केला. "एकदा माझ्यासाठी दम सोडला तुम्ही. आता माझ्यासाठी सोडू नका."

मच्छिंद्रनं रात्रभर हिशेब केला. पल्याडचे सात. त्यातला एक बाद होईल, रेघेबाहेर बसेल, घटकाभरानं उठून लिंबू सरबत पिईल. खेळ आहे. नंदा पल्याडची खरी, पण लग्न होऊन पंधरा वर्षं बोरखडीत राहिली. ती कुणाच्या बाजूची, हे कोण ठरवणार? हिशेब बरोबर येत होता. फक्त तो पुन्हा पुन्हा का करावा लागतोय, एवढंच त्याला कळत नव्हतं.

६

जुन्यांच्या सामन्याला पब्लिक खरंच लोटलं. माळखेडीचा एक गडी वाकला तर त्याची चड्डी उसवली, आणि कचरूआबांनी शिट्टी वाजवायच्या ऐवजी हसून हसून खोकला काढला. भुजंग पोट सांभाळत उभा होता. "या दाजी, हवा भरून आले का?" असं ओरडला, आणि लोक आणखी हसले.

नंदा घरी होती. उठवत नव्हतं तिला. निघताना तिनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला होता.

मच्छिंद्रनं रेघ ओलांडली आणि दम धरला. सगळ्या मैदानाचा आवाज बसला. पंधरा वर्षं ज्या जागेवर त्याचं नाव पडून होतं, त्या जागेवरून तो पुढं गेला. कबड्डी कबड्डी कबड्डी. आवाज त्याचा एकट्याचा नव्हता. जरा मागून, खांद्याजवळून दुसरा आवाज त्याच्याबरोबर चालत होता. दम टाकून द्यावा असा एक क्षण आला. नंदाचं वाक्य आठवलं. त्यानं दम टाकला नाही.

भुजंग कोपऱ्यात मागं सरला. मच्छिंद्रनं झेप घेऊन हात टाकला.

हाताला लागलं. घामट खांदा नव्हता तो. बारीक, गार मनगट. आणि काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

तो कसा वळला, रेघेवर कसा येऊन पडला, त्याला आठवत नाही. दम मोडला नव्हता. कचरूआबांनी हात वर केला, एक बोट पल्याड दाखवलं, "एक मेला," आणि मग जुन्या सवयीनं मेलेल्यांच्या जागेकडं हात करून म्हणाले, "एक जिता." बोरखडीचा तर एकही गडी बाद नव्हता. लोक खो खो हसले. आबा मात्र हसले नाहीत. हात तसाच धरून त्या जागेकडं बघत राहिले.

पल्याड भुजंग तणतणत होता. "मला हात लागलाच न्हाई. आईची आन. दाजी, तुम्हीच सांगा, लागला का?" भुजंगची खोटं बोलायची ख्याती मोठी, त्यामुळं कुणी मानलं नाही. पण मच्छिंद्रनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं की आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खरं बोलतोय.

डाव पुढं चालू झाला. पल्याडचा गडी चढाईला आला. मच्छिंद्र आपल्या कोपऱ्यावर शेवटचा. त्याचा डावा हात शेजाऱ्याच्या हातात, उजवा हात रेघेकडं, मोकळा.

मोकळ्या हातात कुणीतरी हात घातला. ओळखीचा, खरखरीत. आणि तळव्यावर दोनदा अंगठा दाबला.

मच्छिंद्रनं उजवीकडं पाहिलं नाही. त्याला रडू फुटलं. लोकांना वाटलं, डाग धुतला म्हणून रडतोय. कुणी टाळ्या वाजवल्या. तो हात झटकून डावातून सुटला आणि घराकडं पळत सुटला.

नंदा उंबऱ्याबाहेर बसली होती. मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. त्याच्यासाठी ठेवलेला चहा चुलीवर कोमट होता. उजव्या हातातल्या बांगड्या वाढवलेल्या, तुकडे मांडीवर. श्वास नव्हता.

७

मच्छिंद्रला आता कुणी फुटका भाता म्हणत नाही. जीपमध्ये हवेची गोष्ट निघत नाही. लोक त्याला मान देतात, कुणी पुढची सीट धरली असेल तर उतरताना पाठीवर हात ठेवतात. ज्यासाठी त्याचा जीव तुटत होता ते सगळं मिळालं. दाखवायला माणूस नव्हतं.

चतुराबाईच्या घरी दिवस कलला की दार आतून लागतं. दोन ताटांचा आवाज येतो. ती कुणाला काही सांगत नाही. एकदा मच्छिंद्र समोर आला, तेव्हा तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि नंदाचं नाव घेऊन हमसून हमसून रडली.

पाऊस सरून थंडी पडली, आणि मच्छिंद्र पुन्हा मैदानावर गेला. सगळीकडं दव. अल्याडची मेलेल्यांची जागा ओली होती, इतर मातीसारखीच ओली. तो बराच वेळ बघत राहिला, मग मधली रेघ ओलांडून तिकडं गेला. पल्याडच्या रेघेबाहेर, मेलेल्यांच्या जागी पहिल्या नंबरला, परातीएवढी माती कोरडी होती. तिथं हिरव्या काचेचा एक बारका तुकडा होता.

तो उकिडवा बसला. बोलायचं खूप होतं. "ऊठ" म्हणावंसं वाटलं, पण तो पल्याडचा म्होरक्या नव्हता. पल्याडचा मेलेला कसा उठतो, तेही त्याला सांगावं लागत नव्हतं.

तेव्हापासून तो सकाळी जीप काढायच्या आधी आपल्या कोपऱ्यावर येऊन उभा राहतो. सराव करतो असं लोकांना वाटतं. पण सराव करणारा माणूस हलतो. हा नुसता उभा असतो.

परवा ओढ्याकडून धोपाटण्याचा आवाज आला. धप्, धप्. इतक्या थंडीत इतक्या सकाळी कोण धुणं धुणार? मच्छिंद्रनं कान दिला. त्या आवाजाच्या तालावर, लांबून, माळखेडीच्या बाजूनं, कुणीतरी दम धरला होता. कबड्डी कबड्डी कबड्डी. घाई नसलेला, न तुटणारा दम. ओढा ओलांडून तो चढावर आला. शाळेच्या भिंतीपाशी आला. मधल्या रेघेपलीकडची माती किंचित दबली, आणि दवानं ओल्या मातीवर, अल्याडच्या अंगाला, पहिलं पाऊल उमटलं.

मच्छिंद्रच्या मोकळ्या हातात हात आला. अंगठा दोनदा दाबला गेला. धर, म्हणून. मग पुन्हा दोनदा, जोरात.

"न्हाई रे वसंता," मच्छिंद्र म्हणाला. "या बारीबी माफ कर."

त्यानं हात सोडवून घेतला, आणि येणाऱ्या पावलांकडं एक पाऊल पुढं टाकलं.